भिंतीवरच्या पुढच्या तारखा

१

त्या घरात असताना मी रोज सकाळी साडेसहाला बाबांच्या खोलीत जायचे, दिवा लावायचे आणि आधी भिंतीकडे बघायचे. मग बाबांकडे. हा क्रम चुकीचा आहे हे मलाही कळत होतं, पण भिंत हलत होती आणि बाबा हलत नव्हते.

मी रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये एकवीस वर्षं काम करते. आमच्याकडे तारीख आणि सही नसलेली नळी सरळ कचऱ्यात जाते. त्यामुळे मला प्रत्येक गोष्टीवर तारीख घालायची खोड लागली आहे. औषधाची बाटली उघडली की तारीख, बल्ब बदलला की तारीख. तेव्हा खिडकीकडच्या कोपऱ्यातून भेग निघाली आणि बाबांच्या पलंगाच्या दिशेनं तिरकी उतरू लागली, तशी मी दर सोमवारी तिच्या टोकाशी पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख घालू लागले. आठवड्याला बोटभर, कधी दीड बोट.

पलंग हलवा, असं सगळे सांगत. हलवा कुठे, कप्पाळ! खोली चिंचोळी, पलंग हॉस्पिटलातला, लोखंडी. बाबांची उजवी बाजू वर्षापूर्वी लुळी पडली. डावा हात चालतो, म्हणून डावी बाजू खोलीकडे हवी. पाण्याचा पेला, घंटी, भांडं सगळं त्या हाताशी. उजवा हात भिंतीला लागून पडलेला असायचा, कुणीतरी ठेवून विसरल्यासारखा.

बाबा आयुष्यभर शिंप्याच्या मोठ्या दुकानात कटर होते. कापडावर खडूनं खुणा करायच्या आणि त्यावरून कात्री चालवायची. आता बोलणं गेलेलं. 'हो', 'नको', 'पाणी' आणि माझं घरचं नाव, एवढंच उरलं होतं. डाव्या हातात मात्र चपटा निळा खडू असायचा. फिजिओवाल्या बाई म्हणाल्या होत्या, बोटांना काम द्या. ते पाटीवर रेघोट्या मारत बसायचे.

घरमालकाचं नाव मी बघूशेठ ठेवलं होतं. तीन महिन्यांत अकरा फोन केले आणि अकरा वेळा तो "बघू" म्हणाला.

२

शेवटी जेवणाच्या सुट्टीत भाडेकरूंच्या मदत केंद्रात गेले. तिथल्या वकीलबाई चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या, "फोनला काही अर्थ नाही. आधी लेखी नोटीस द्या, फोटो जोडून. मुदत द्या. त्यात नाही केलं तर स्वतः दुरुस्त करून घ्या, खर्च भाड्यातून वळता करू. तेही नाही जमलं तर पालिकेच्या इंजिनिअरकडे अर्ज. मग कोर्ट."

"आणि कशानंच नाही झालं तर?"

"तर घर सोडा. तोही मार्गच आहे. पण शेवटचा."

मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी नाक मुरडलं. "ही तर केसाएवढी दिसतेय. असे फोटो बघून मालक चहा पीत बसतात. धोका दिसला पाहिजे हो, धोका."

ते माझ्या डोक्यात बसलं. गुरुवार होता, तीन तारीख. संध्याकाळी घरी आले आणि पेन्सिलीला टोक काढलं. भेगेच्या टोकापासून पुढे, जिथे अजून भेग नव्हती तिथे, मी ठिपके काढत गेले आणि चार आडव्या खुणा केल्या. सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस. चारही येणारे सोमवार. मध्ये कॅलेंडरचा खिळा आडवा आला, तिथे ठिपके वरून वळवले. शेवटची खूण बाबांच्या उशीच्या कडेला. खाली सवयीनं सही.

लॅबमध्ये असं केलं असतं तर नोकरी गेली असती. आमच्याकडे नळीवर आधी नाव लिहून ठेवायचं नाही. आधी रक्त काढायचं, मग तिथल्या तिथे लेबल. लेबल लावलेली रिकामी नळी टेबलावर राहिली की कुणाचं ना कुणाचं रक्त तिच्यात जातंच, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. नव्या मुलींना पहिल्या दिवशी मीच हे सांगते. पण भिंत म्हणजे काही नळी नव्हे.

बाबा पाटी छातीवर ठेवून माझ्याकडे टक लावून बघत होते.

"घाबरू नका बाबा," मी म्हटलं. "तुमच्यासाठी नाही, त्या बघूशेठसाठी आहे."

फोटो मात्र झकास आला. भेगेचा रोख थेट म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर, आणि तारखा!

३

नोटिशीनं बघूशेठ खरंच आला. रविवारी सकाळी, बूट न काढता. भिंतीशी वाकला आणि हसला.

"मॅडम, पुढच्या तारखा पण घालून ठेवल्यात! भविष्य सांगता वाटतं?"

"अंदाज आहे तो. आठवड्याला इतकी सरकते, त्या हिशेबानं."

"ही प्लास्टरची भेग आहे हो. रंग दिला की झालं. बघू."

दुसऱ्या दिवशी, सात तारखेला, भेग पहिल्या खुणेवर येऊन थांबली होती. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. एकवीस वर्षांचा हात, अंदाज चुकतोय होय!

पुढचा आठवडा मी जरा लक्ष ठेवून होते. मंगळवारी भेग जागची हलली नाही. बुधवारी नाही. शनिवारी बाबांचं अंग पुसताना पाहिलं, रविवारी संध्याकाळी पुन्हा पाहिलं. तसूभरही नाही. म्हटलं चला, थांबली एकदाची.

सोमवारी, चौदा तारखेला सकाळी दिवा लावला. भेग दुसऱ्या खुणेवर होती. एका रात्रीत अख्ख्या आठवड्याचं अंतर. आणि मधल्या खिळ्याला तिनं वरून वळसा घातला होता.

मी तिथेच पलंगाच्या दांडीला धरून उभी राहिले. प्लास्टर तडकतं ते विटांच्या सांध्यांवरून, ओलीवरून, वजनावरून. खिळ्याला वळसा मी घातला होता, कारण खिळ्यावर पेन्सिल चालत नाही. भेगेला खिळ्याचं काय वावडं?

मी स्वतःला बजावलं की ठिपके काढताना पेन्सिलीचा दाब पडला असेल, प्लास्टर तिथे कच्चं झालं असेल. ते मला पटलंही.

४

वकीलबाईंनी सांगितलेला दुसरा मार्ग. नोटिशीची मुदत संपायची वाट न बघता बुधवारी गवंडी बोलावला. माणूस तोंडाळ पण कामाला चोख. त्यानं छिन्नीनं भेग जरा रुंद केली, बोटाच्या पेरानं भिंत वाजवून पाहिली.

"साडेचार इंची भिंत आहे ताई. एक वीट. हिचं काय एवढं मोठं दुखणं?"

आत कितपत गेलीय ते बघायला त्यानं पिशवीतून एक बारीक सळई काढली आणि भेगेत सारली. सळई गेली. वीतभर गेली. मग हातभर गेली.

"पलीकडे जाऊन बघा जरा, कुठे निघतेय."

पलीकडे माझी खोली. म्हणजे बाहेरची खोली, जिथे मी दिवाणावर झोपते. मी जाऊन पाहिलं. भिंत स्वच्छ, पांढरी, कोरी. सळईचं टोक नाही, फुगवटा नाही, मातीचा कणसुद्धा पडलेला नाही. मी कान लावला. आतून हलका घासल्याचा आवाज येत होता, तळहातानं चादर सारखी करावी तसा.

"आता ढकलू नका!" मी ओरडले.

"मी कुठे ढकलतोय?" तो पलीकडून म्हणाला. "मी तर ओढतोय."

मी धावत आले तेव्हा त्यानं एक पाय भिंतीला लावला होता. सळई एकदम सुटली आणि तो मागे खुर्चीवर आपटला. त्यानं ती माझ्यापुढे धरली. मी टोकाला हात लावला. तापलेलं नव्हतं. अंगाएवढं गरम होतं. ताप नसलेल्या माणसाच्या काखेइतकं.

त्यानं सिमेंट कालवलं, भराभर भेग बुजवली, वरून घोटली. जाताना दारात थांबला.

"ताई, वडिलांना दुसरीकडे हलवता येत नाही का?"

थापी विसरून गेला. न्यायला काही आला नाही. फोन केला तर म्हणाला, दुसरा माणूस बघा.

५

गवंडी गेल्यावर मी खोडरबर घेतलं आणि उरलेल्या दोन्ही खुणा, ठिपके, सही, सगळं खोडून काढलं. ओल्या फडक्यानं पुसलं. बाबांना म्हटलं, "झालं, मिटला विषय."

एकवीस तारखेला नवं सिमेंट मधोमध फाटलं होतं. भेग तिसऱ्या खुणेच्या जागी येऊन थांबली होती. तिथे आता खूण नव्हती. पण ती जागा मला पाठ होती, आणि तिलाही.

आता उरली होती फक्त अठ्ठावीस. उशीच्या कडेची.

घाबरून मी लॅबला दांडी मारली आणि पालिकेत अर्ज दिला. खिडकीतल्या माणसानं शिक्का मारून पाहणीची तारीख दिली, एकोणतीस. मी म्हटलं, अहो एक दिवस आधी द्या. तो म्हणाला, "बाई, लोकांचे जिने कोसळलेत, तुमची भिंत अजून उभी आहे ना?"

घरी येऊन भिंतीसमोर बसले आणि मग मला ते सुचलं. सुचलं तेव्हा इतकं साधं वाटलं की मी हसले. भेगेच्या टोकापासून वर, बाबांच्या डोक्यापासून लांब, ठिपके काढले आणि खुणेखाली लिहिलं, बावीस.

बावीस तारखेला भेग वर वळली होती.

तुम्हाला सांगते, मला भीती वाटायला हवी होती, पण आनंद झाला. कुणीतरी माझं ऐकत होतं! मालक ऐकत नव्हता, पालिका ऐकत नव्हती, ही ऐकत होती. मी भराभर पुढच्या खुणा केल्या. चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. पलंगावरून वर नेली आणि दाराकडच्या कोपऱ्यात उतरवली. तिथे ना पलंग, ना माणूस. बसू दे तिथे काय करायचं ते करत.

"तिकडे नको," बाबा म्हणाले.

वर्षभरात त्यांच्या तोंडून मी दोन शब्द एका दमात ऐकले नव्हते. मी पळत गेले. "काय हवंय बाबा? भांडं देऊ?"

"तिकडे नको."

मला वाटलं, कूस बदलायची नाही म्हणतात. मी त्यांच्या पाठीला उशी लावली. ते डोळे मिटून पडून राहिले. गालावरून पाणी ओघळत होतं. मी ते पुसलं आणि कामाला लागले.

६

चोवीस तारखेला भेग माझ्या खुणेवर आली. सव्वीसला आली नाही.

ती अर्ध्या वाटेतून मागे वळली होती. काटकोनात. सरळ खाली, पलंगाकडे, आणि गादीच्या कडेमागे दिसेनाशी झाली होती.

माझा संतापानं नुसता भडका उडाला. मी भिंतीवर थापी आपटली, तोंडाला येईल ते बोलले. पेन्सिल घेऊन नव्या खुणा केल्या, ठळक, वर जाणाऱ्या, सत्तावीस, सत्तावीस, सत्तावीस. दिवसभर तिथून हलले नाही. दुपारच्या शांततेत बाबांच्या श्वासाचा आवाज येत होता आणि त्याच्या किंचित मागून आणखी एक. मी श्वास रोखून पाहिला. माझा नव्हता.

वकीलबाईंना फोन लावला. शनिवार असूनही त्यांनी उचलला.

"मला शेवटचा मार्ग हवाय. उद्याच्या उद्या."

"अहो, पाहणी तोंडावर आलीय, आत्ता सोडलंत तर केस ढिली पडेल—"

"पडू दे!"

मावसबहिणीला कळवलं. ती गुणाची पोर, एकही प्रश्न न विचारता म्हणाली, "ताई, पुढची खोली रिकामी करते. काकांना घेऊन ये." बघूशेठला मेसेज टाकला. त्याचं उत्तर आलं: बघू.

सत्तावीसला, रविवारी सकाळी भेग माझ्या तिन्ही खुणांकडे फिरकली नव्हती. मी बाबांचं अंग पुसलं, स्वच्छ सदरा घातला, पूर्ण बाह्यांचा. हात, पाठ, मान, सगळं नीट पाहिलं. काही नव्हतं. मग बाहेरच्या खोलीत सामान बांधायला गेले. तासभर गेला असेल.

७

दोन हमाल आणि टेम्पोवाला अकराला आले. बाबांना चाकाच्या खुर्चीत बसवून दाराशी आणलं. हमालांनी पलंग उचलला आणि भिंतीपासून दूर केला.

गादीमागे, जिथे माझी नजर कधी गेली नसती, तिथे खुणा होत्या. निळ्या. खडूच्या. वाकड्यातिकड्या, डाव्या हाताच्या. कापडावर कटर करतो तशा, तुटक रेघ आणि तिच्या शेवटी फुली. प्रत्येक फुलीपाशी लहान मुलानं काढल्यासारखे आकडे. पंचवीस. सव्वीस. वरून माझ्या पेन्सिलीची रेघ जिथे दाराकडे जात होती, तिथून त्यांनी ती अडवून खाली आणली होती. अंग वळवता न येणाऱ्या माणसानं. डावा हात छातीवरून पलीकडे ताणून.

भेग त्याच रेघेवरून उतरली होती.

"तिकडे" म्हणजे कुठे, ते मला तेव्हा कळलं. मी बाहेरच्या खोलीत गेले. दाराकडचा कोपरा, त्याची पलीकडची बाजू. तिथे माझा दिवाण होता. माझी उशी बरोब्बर त्या जागी होती. भिंतीला हात लावला. कोमट होती.

परत आले. हमाल थांबून बघत होते. मी गुडघ्यावर बसून शेवटची निळी फुली शोधली. ती भिंतीवर नव्हती. खुणा गादीच्या उंचीला येऊन संपत होत्या आणि भेगही तिथेच संपत होती. तिथे बाबांचा उजवा हात टेकलेला असायचा.

मी वळले. बाबा खुर्चीत बसले होते. लुळा हात मांडीवर. डाव्या हातानं ते उजव्या मनगटावरची बाही खाली ओढत होते.

"बाबा, बघू दे."

"नको."

मी बाही वर सारली. मनगटापासून खांद्याकडे निळी तुटक रेघ गेली होती, फुल्या फुल्यांनी. पहिलीपाशी सत्तावीस, पुढे सोमवार, सोमवार, सोमवार. शेवटची फुली काखेच्या आत, छातीकडे वळलेली. आणि मनगटाजवळ, पहिल्या फुलीपर्यंत, एक केसाएवढी काळी फट. रक्त नाही, खपली नाही, सूज नाही. मी रोज कातडी बघते, शिरा शोधते. ही जखम नव्हती. मी जवळ वाकले तेव्हा तिच्यातून माझ्या गालावर वारा आला. आत खूप खोल काहीतरी पालथं वळलं आणि फटीशी आलं. ओलं, चमकणारं. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी बाही खाली केली आणि बटण लावलं.

"चला," मी हमालांना म्हटलं. "पलंग सांभाळून उतरवा."

८

आता आम्ही मावसबहिणीकडे आहोत. बघूशेठचा फोन आला होता. म्हणे पालिकेचा इंजिनिअर येऊन गेला, भिंत ठणठणीत आहे, भेगबिग काही नाही, उगाच बदनामी केलीत. मी बरं म्हटलं.

डॉक्टरांनाही दाखवलं. त्यांनी चष्म्यातून पाहिलं आणि कातडी कोरडी पडलीय म्हणून मलम लिहून दिलं.

बाबांच्या फुल्या मी त्याच दुपारी पुसल्या. पुसून काही होत नाही हे माहीत होतं, म्हणून लगेच नवीन खुणा घातल्या. दर रविवारी घालते. छातीकडे जाऊ देत नाही. मनगटापासून कोपरापर्यंत नेते, वळवते, परत खाली आणते, बोटांच्या मधून फिरवून तळहातावर. हात लुळा आहे, बाबांना दुखत नाही. मी विचारते, ते नको म्हणतात. इतक्या बारीक ओळी मी लॅबच्या रजिस्टरातसुद्धा कधी लिहिल्या नव्हत्या. रेघेवर रेघ आलेली तिला चालत नाही, ते एकदा करून पाहिलं. ती सरळ निघाली, खांद्याकडे.

काल पुढची खूण कुठे करायची म्हणून हात उलटसुलट करून पाहिला. मनगटाच्या आतल्या बाजूला नखाएवढी जागा उरली आहे. त्यापुढे फक्त खांदा, आणि खांद्यापुढे छाती.

मावसबहीण भाजी आणायला गेली होती. उन्हं खोलीत आली होती, समोरच्या गच्चीवर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. मी दार लोटून घेतलं आणि त्यांच्या पलंगावर उजव्या बाजूला बसले. माझी डावी बाही कोपरापर्यंत दुमडली. बाबांना कळलं. त्यांनी खडू मुठीत इतका घट्ट दाबला की बोटं पांढरी पडली, आणि ते मान हलवू लागले, नको, नको, नको.

"असू दे बाबा," मी म्हटलं. "आत्तापर्यंत तुम्ही एकट्यानं घेतलंत."

मग पर्समधून पेन्सिल काढली, त्यांच्या मनगटाला माझं मनगट टेकवलं, आणि माझ्या बाजूला उद्याची तारीख घातली.